हेन्री वॉटसन फाउलर : इंग्रजी भाषेचा एक प्रामाणिक सेवक

इंग्रजी भाषेचा अभ्यास करणाऱ्या आपल्याकडील विद्यार्थ्यांस दोन गोष्टी फार सतावितात. पहिली गोष्ट व्याकरणाचे व प्रयोगाचे नियम. वाक्याच्या शेवटीं शब्दयोगी अव्यय कधींहि ठेवूं नये असें एक पुस्तक बजावतें, आणि लगेच एखाद्या नामांकित ग्रंथकाराच्या लेखांत तें अव्यय वाक्याच्या शेवटींच बसलेलें आढळतें. तेव्हां खरें कोणाचें मानावें, असा प्रश्न पडतो. दुसरी गोष्ट म्हणजे इंग्रजींत जिला 'आयरनी' म्हणतात ती वक्रोक्ति. शब्दांचे अर्थ कोशांत सांपडतात, वाक्याचा अन्वय लागतो, आणि तरीहि लेखकाच्या मनांतील अभिप्राय हातून निसटतो. कारण तो बोलतो एक आणि सुचवितो दुसरेंच. या दोन्ही अडचणींवर ज्यांनीं एकाच ग्रंथांत प्रकाश पाडला, त्या हेन्री वॉटसन फाउलर यांचें चरित्र आम्ही आज वाचकांपुढें ठेवीत आहों. त्यांचा ग्रंथ पुष्कळांच्या संग्रहीं असतो. परंतु तो ज्या स्वभावांतून निर्माण झाला तो स्वभाव थोड्यांसच ठाऊक असतो. आमच्या मतें तो स्वभावहि ग्रंथाइतकाच अभ्यासण्याजोगा आहे.

हेन्री फाउलर यांचा जन्म १० मार्च १८५८ रोजीं इंग्लंडांतील केंट परगण्यांत टनब्रिज या गांवीं झाला. त्यांचे वडील रॉबर्ट फाउलर हे धर्मोपदेशक असून शाळेंत गणित शिकवीत असत. आठ भावंडांत हेन्री सर्वांत वडील. रग्बी येथील प्रसिद्ध शाळेंत त्यांचें शिक्षण झालें, व तेथून ते १८७७ सालीं ऑक्सफर्डच्या बॅलिअल कॉलेजांत गेले. लॅटिन व ग्रीक या भाषांवर त्यांचें चांगलें प्रभुत्व होतें. तथापि परीक्षांत त्यांस पहिला वर्ग मिळाला नाहीं, दुसऱ्यावरच समाधान मानावें लागलें. १८७९ सालीं वडील वारले आणि ऐन विद्यार्थिदशेंत घरांतील कर्तेपणाचा भार या थोरल्या मुलाच्या शिरावर आला. पुढें ज्यांच्या शब्दास इंग्रजी बोलणारें अर्धें जग मान देणार होतें, ते विद्यापीठांत अशा रीतीनें मध्यम प्रतीचे विद्यार्थी ठरले, ही गोष्ट परीक्षेच्या निकालानें खचणाऱ्या आमच्या तरुण मित्रांनीं ध्यानांत ठेवण्यासारखी आहे.

ऑक्सफर्ड सोडल्यावर त्यांनीं थोडे दिवस एडिंबरो येथील फेट्स कॉलेजांत अध्यापन केलें आणि १८८२ सालीं ते यॉर्कशायरमधील सेडबर्ग येथील शाळेंत शिक्षक म्हणून रुजू झाले. डोंगराळ प्रदेशांतील या शाळेंत त्यांनीं सतरा वर्षें लॅटिन, ग्रीक व इंग्रजी शिकविलें. त्यांची शिस्त कडक, राहणी साधी आणि स्वभाव संकोची. मुलें त्यांचा आदर करीत, पण त्यांच्याशीं सलगी करण्यास कोणी धजत नसे.

याच शाळेंत त्यांच्या आयुष्यांतील पहिला कसोटीचा प्रसंग आला. त्यांस एका विद्यार्थिगृहाचें प्रमुखपद मिळण्याचा योग आला होता. त्या काळीं इंग्लंडांतील शाळांत हें पद मानाचें व प्राप्तीचेंहि समजत. परंतु त्या गृहप्रमुखाकडे आणखी एक कर्तव्य असे. आपल्या गृहांतील मुलांस ख्रिस्ती मंडळींत दृढीकरणाचा विधि घेण्यासाठीं तयार करणें. फाउलर यांची धर्मावरील श्रद्धा तोंपर्यंत मावळली होती. ज्या गोष्टीवर आपला विश्वास नाहीं ती मुलांस शिकविणें त्यांस अप्रामाणिकपणाचें वाटलें. मनांत एक ठेवून ओठांवर दुसरें आणण्याची युक्ति पुष्कळांस सुचली असती. यांस ती सुचली तरी रुचली नसती. मुख्याध्यापकांशीं विचारविनिमय झाला, पण मार्ग निघाला नाहीं. तेव्हां १८९९ सालीं, वयाच्या एकेचाळिसाव्या वर्षीं, त्यांनीं ती नोकरी सोडली. आमच्यासारख्या ख्रिस्ती संस्थेच्या वार्षिकांत या प्रसंगाविषयीं लिहितांना त्यांच्या अश्रद्धेचें आम्ही कौतुक करीत नाहीं. परंतु न मानलेलें सत्य मानल्याचा देखावा करण्यापेक्षां भाकरीवर पाणी सोडणें ज्यानें पत्करलें, त्याच्या प्रामाणिकपणास आम्ही आदरानें नमस्कार करतों. धर्माचें शिक्षण कोणाच्या मुखांतून खोटेपणानें यावें, अशी इच्छा कोणताहि खरा धार्मिक मनुष्य करणार नाहीं.

यानंतर चार वर्षें त्यांनीं लंडनमध्यें नियतकालिकांसाठीं लेख लिहून काढलीं. वडिलांमागें मिळालेलें थोडेंसें वार्षिक उत्पन्न व लेखनाची तुटपुंजी प्राप्ति यांवर त्यांचा निर्वाह चाले. १९०३ सालीं मात्र त्यांच्या जीवनास निराळें वळण लागलें. त्यांचा धाकटा भाऊ फ्रान्सिस, ज्यास घरांत फ्रँक म्हणत, तो इंग्लिश खाडींतील गर्न्झी नांवाच्या बेटावर टोमॅटोची लागवड करीत असे. हेन्री त्याच्याजवळ जाऊन राहिले. दोघां भावांनीं जवळजवळच दोन दगडी घरें बांधलीं. दिवसा आपापलें काम करावें आणि मग एकत्र बसून ग्रंथरचना करावी, असा क्रम सुरू झाला. फ्रँक हा केंब्रिजचा पदवीधर, वयानें तेरा वर्षांनीं लहान, आणि बुद्धीनें तल्लख. या बंधुद्वयानें प्रथम लूशियन या प्राचीन ग्रीक लेखकाच्या ग्रंथांचें इंग्रजी भाषांतर केलें. तें १९०५ सालीं चार भागांत ऑक्सफर्डहून प्रसिद्ध झालें. लूशियन हा उपहास व वक्रोक्ति यांचा मोठा आचार्य. देवदेवतांपासून तत्त्ववेत्त्यांपर्यंत सर्वांची त्यानें मिस्किलपणें थट्टा केली आहे. असा लेखक वाक्यावाक्यानें दुसऱ्या भाषेंत आणतांना हा खरेंच स्तुति करतो आहे कीं स्तुतीच्या मिषानें टोला हाणतो आहे, हें क्षणोक्षणीं ठरवावें लागतें. वक्रोक्ति ओळखण्याचें जें कौशल्य पुढें फाउलर यांच्या ग्रंथांत दिसून येतें, त्याची तालीम त्यांस येथें मिळाली असें आम्हांस वाटतें.

दुसऱ्याच वर्षीं, म्हणजे १९०६ सालीं, 'द किंग्ज इंग्लिश' हें दोघांचें पुस्तक निघालें. त्यांत त्यांनीं वर्तमानपत्रांतील व नामांकित लेखकांच्या ग्रंथांतील सदोष वाक्यें निवडून काढून त्यांचें परीक्षण केलें. मोठमोठ्या पत्रांचीं व ग्रंथकारांचीं नांवें घेऊन चुका दाखविण्याचें धाडस त्या दोघां अप्रसिद्ध भावांनीं केलें, हें पाहून लोक चकित झाले. पुस्तकाच्या आरंभींच शब्दांच्या निवडीविषयीं पांच सूचना आहेत. त्यांचा सारांश असा : दुर्मिळ शब्दापेक्षां ओळखीचा शब्द घ्यावा, भाववाचकापेक्षां मूर्त वस्तूचा वाचक घ्यावा, लांबण लावण्यापेक्षां एका शब्दांत काम भागवावें, लांबलचक शब्दापेक्षां आंखूड बरा, आणि लॅटिनादि भाषांतून आलेल्या शब्दापेक्षां अस्सल इंग्रजी शब्द बरा. मराठींत लिहितांना जड संस्कृत समासांची आरास मांडणाऱ्या आमच्या विद्यार्थ्यांसहि यांतून पुष्कळ घेतां येईल.

यानंतर ऑक्सफर्डच्या छापखान्यानें त्यांजकडे संक्षिप्त इंग्रजी कोशाचें काम सोंपविलें. मोठा ऑक्सफर्ड कोश त्या वेळीं पुरा व्हावयाचा होता. तो १९२८ सालीं समाप्त झाला. त्यामुळें वर्णमालेच्या शेवटच्या भागासाठीं या भावांस बव्हंशीं स्वतःच्या परिश्रमावर अवलंबून राहावें लागलें. 'कन्साइज ऑक्सफर्ड डिक्शनरी' १९११ सालीं प्रसिद्ध झाली, आणि तेव्हांपासून कित्येक पिढ्यांच्या विद्यार्थ्यांच्या मेजावर ती विराजमान झाली. मधल्या काळांत, १० मार्च १९०८ रोजीं, आपल्या पन्नासाव्या वाढदिवशींच, हेन्री यांनीं जेसी मॅरियन विल्स या बाईंशीं विवाह केला. हा उशिरां झालेला संसार अत्यंत सुखाचा झाला.

१९१४ सालीं महायुद्ध पेटलें. बेटावरील तरुणांस सैन्यांत जाण्याचा उपदेश हेन्री करूं लागले. परंतु दुसऱ्याच्या मुलांस मरणाच्या दारीं धाडावें आणि आपण घरीं बसून कोश रचावा, हें त्यांच्या मनास टोंचूं लागलें. म्हणून १९१५ सालीं दोघे भाऊ सैन्यांत दाखल झाले. हेन्री यांचें वय त्या वेळीं सत्तावन्न होतें; त्यांनीं तें चव्वेचाळीस सांगितलें. खोटें शिकवावें लागेल म्हणून ज्यांनीं नोकरी सोडली, तेच आतां रणांगणावर जाण्यासाठीं खोटें बोलले! एकदां असत्य स्वतःच्या लाभाचें होतें, तें त्यांनीं झिडकारलें. दुसऱ्यांदा तें स्वतःच्या जिवावर बेतणारें होतें, तें त्यांनीं पत्करलें. असत्य तें असत्यच, हें आम्ही नाकारीत नाहीं. पण दोहोंतील अंतर वाचकांच्या लक्षांत येईलच.

फ्रान्समध्यें पोंचल्यावर मात्र या प्रौढ शिपायांस लढाईवर कोणी पाठवीना. भांडीं विसळणें, कोळसा वाहणें अशीं कामें त्यांच्या वांट्यास आलीं. दोघांनीं वरिष्ठांकडे लेखी तक्रार केली कीं, आम्ही लढण्यासाठीं भरती झालों आहों. तिचा उपयोग झाला नाहीं. हेन्री यांची प्रकृति बिघडली व १९१६ सालीं ते घरीं परतले. फ्रँक यास सैन्यांत असतां क्षयाची बाधा झाली व १९१८ सालीं तो मरण पावला. तेरा वर्षांनीं मोठा भाऊ मागें राहिला आणि धाकटा निघून गेला. दोघांनीं मिळून योजिलेले ग्रंथ आतां एकट्यानें पुरे करावयाचे होते. 'पॉकेट ऑक्सफर्ड डिक्शनरी' १९२४ सालीं निघाली. त्यानंतर १९२६ सालीं, वयाच्या अडुसष्टाव्या वर्षीं, त्यांनीं आपला मुख्य ग्रंथ 'अ डिक्शनरी ऑफ मॉडर्न इंग्लिश यूसेज' प्रसिद्ध केला व तो फ्रँकच्या स्मृतीस अर्पण केला.

हा ग्रंथ कोशासारखा वर्णानुक्रमानें रचलेला आहे; पण त्यांत शब्दार्थांपेक्षां विवेचन अधिक. त्यांतील नियमांकडे पाहण्याची दृष्टि ही त्याची खरी देणगी होय. पूर्वीच्या व्याकरणकारांनीं कित्येक बंधनें लॅटिन भाषेवरून इंग्रजीवर लादलीं होतीं. वाक्याच्या शेवटीं शब्दयोगी अव्यय नको, हें त्यांपैकींच एक. 'व्हॉट आर यू लुकिंग अॅट' या वाक्यांतील शेवटचा शब्द ओढून पुढें आणल्यास वाक्य शुद्ध न होतां केवळ ओबडधोबड होतें. फाउलर यांनीं हें बंधन अंधश्रद्धेच्या सदरांत घातलें. तसेंच 'टू' व क्रियापद यांच्यामध्यें क्रियाविशेषण घालूं नये या नियमाचें. 'टू क्लिअरली अंडरस्टँड' हा प्रयोग पाहून अनेकांच्या अंगावर कांटा उभा राहतो. फाउलर यांनीं या प्रश्नावरून इंग्रजी लोकांचे पांच वर्ग पाडले : कांहींस तो नियम ठाऊक नाहीं व त्याची पर्वाहि नाहीं, कांहींस ठाऊक नाहीं पण धास्ती मात्र मोठी, कांहीं जाणतात आणि निषेध करतात, कांहीं जाणतात आणि संमति देतात, आणि थोडे जाणतात व प्रसंग पाहून निवड करतात. पहिल्या वर्गास त्यांनीं सर्वांत सुखी ठरवून त्याचा हेवा करावा असें सुचविलें आहे. तें वाचून भोळा वाचक अज्ञानाची थोरवी मानील. चतुर वाचक गालांतल्या गालांत हंसेल. व्याकरणाचा धडा शिकवितांनाच वक्रोक्तीचा नमुना त्यांनीं असा पुढें ठेवला आहे.

परंतु नियम झुगारून द्यावे, असें त्यांचें म्हणणें मुळींच नव्हतें. ज्या नियमानें अर्थ स्पष्ट होतो, त्याचा त्यांनीं कैवार घेतला. 'दॅट' व 'व्हिच' यांचेंच उदाहरण घ्या. माझें जें घर नदीकांठीं आहे तें पडलें, असें म्हटल्यास माझीं दुसरींहि घरें आहेत असा बोध होतो. माझें घर पडलें आणि तें नदीकांठीं होतें, असें म्हटल्यास घर एकच असल्याचें समजतें. पहिल्या प्रकारीं 'दॅट' व दुसऱ्या प्रकारीं 'व्हिच' योजावें, म्हणजे वाचकाचा घोटाळा होणार नाहीं, अशी त्यांनीं शिफारस केली. आणि सर्व चांगले लेखक तसें करीत नाहींत, हेंहि मोकळेपणानें मान्य केलें. एकाच वस्तूचा उल्लेख करतांना उगाच नवनवीं नांवें योजून डौल आणण्याच्या संवयीवर आणि साध्या शब्दाची लाज वाटून सभ्यपणाचा आव आणणाऱ्या शब्दांवर त्यांनीं सडकून टीका केली.

त्यांचेंहि मत सर्वत्र टिकलें असें नाहीं. 'आय डोंट लाइक यू गोइंग' ही रचना सदोष असून तेथें 'युअर गोइंग' असेंच पाहिजे, असा त्यांचा आग्रह होता. डेन्मार्कमधील थोर भाषापंडित ऑटो येस्पर्सन यांनीं पूर्वींच्या ग्रंथकारांचे दाखले देऊन तो खोडून काढला. फाउलर मात्र आपल्या मतापासून हटले नाहींत. या बाबतींत ते ज्या पंडितीपणावर हंसत त्याचाच थोडा स्पर्श त्यांस झाला होता, असें म्हणावें लागतें.

आतां वक्रोक्तीविषयीं. विनोद, कोटि, उपहास, उपरोध, निर्भर्त्सना, वक्रोक्ति, तुच्छतावाद आणि कडवट हास्य, हे आठ प्रकार लोक एकमेकांत मिसळतात. फाउलर यांनीं त्यांचें एक कोष्टक दिलें असून प्रत्येकाचा हेतु काय, क्षेत्र कोणतें, साधन कोणतें आणि श्रोता कोण, असे चार प्रश्न विचारले आहेत. या चार प्रश्नांनीं गुंता पुष्कळसा सुटतो. समजा, एक मुलगा अर्धा तास उशिरां वर्गांत आला आणि गुरुजींनीं त्याच्या वक्तशीरपणाची स्तुति केली. तो मुलगा खालीं मान घालून ओशाळला, तर तो उपरोध. कारण त्याचा हेतु बोंचण्याचा असून ज्यास बोंचावयाचें त्यास तो समजलाच पाहिजे. पण तोच मुलगा आपली खरीच स्तुति झाली असें समजून ऐटींत बसला आणि मागच्या बांकावरील दोघेतिघेच हंसले, तर ती वक्रोक्ति. वक्रोक्तीस दोन श्रोते लागतात. एक ऐकूनहि न समजणारा, आणि दुसरा अधिक समजणारा व पहिल्याचें न समजणेंहि ओळखणारा. हें फाउलर यांच्या विवेचनाचें मर्म होय.

याच मर्मावरून त्यांनीं तीन विशेष प्रकार उलगडले. पहिला सॉक्रेटिसचा. तो स्वतः अज्ञानी असल्याचें सोंग घेऊन पंडितांस प्रश्न विचारी. पंडितांस वाटे हा शिकावयास आला आहे, आणि शिष्यांस कळे कीं पंडितांचेंच पितळ उघडें पडत आहे. दुसरा प्रकार नाटकांतला. प्रेक्षकांस पुढील किंवा मागील गोष्ट ठाऊक असते, पात्रांस ती ठाऊक नसते. ग्रीक नाटकांतील ईडिपस राजा पूर्वींच्या राजाच्या खुन्यास शासन करण्याची प्रतिज्ञा करतो, आणि तो खुनी आपणच आहों हें त्यास माहीत नसतें. आपल्याकडे शाकुंतल पाहणाऱ्यांस हा अनुभव आहेच. कालिदासाचें मूळ नाटक घ्या किंवा १८८० सालीं रंगभूमीवर आलेलें अण्णासाहेब किर्लोस्करांचें संगीत शाकुंतल घ्या; दुष्यंत शकुंतलेस ओळखीत नाहीं, त्या वेळीं दुर्वासाचा शाप दोघांसहि ठाऊक नसतो, प्रेक्षकांस मात्र ठाऊक असतो. म्हणूनच साधीं वाक्यें काळजास घरें पाडतात. तिसरा प्रकार दैवाचा. मनुष्य सरळ हिशेब मांडून एका फळाची अपेक्षा करतो, आणि घडतें नेमकें उलट. जणूं दैव हें नाटककार होऊन मनुष्यास पात्र बनवितें.

हा तिसरा शब्दप्रयोग लोक ऊठसूट करतात व त्यामुळें तो झिजून गेला आहे, असा इशाराहि फाउलर यांनीं दिला होता. तेव्हां त्यांच्याच चरित्रास तो लावतांना आम्हांस संकोच वाटतो. तरी पण लढण्यासाठीं वय चोरणाऱ्या विद्वानाच्या हातीं खरकटीं भांडीं यावीं; एका शाळेंतील अधिकारपद ज्यास घेतां आलें नाहीं, तो जगांतील हजारों शाळांचा न पाहिलेला शिक्षक व्हावा; आणि नियमांची अंधश्रद्धा मोडूं पाहणाऱ्याचेंच नांव पुढें लोकांनीं आंधळ्या प्रमाणाप्रमाणें घ्यावें, यास दुसरें काय नांव द्यावें? आमच्या मतें हा शब्द येथें तरी कारणी लागला आहे.

फाउलर यांनीं आपलीं अखेरचीं वर्षें सॉमरसेटमधील हिंटन सेंट जॉर्ज या खेड्यांत काढलीं. वृद्धपणींहि पहाटे धांवणें व थंड पाण्यांत पोहणें हा त्यांचा नित्यक्रम होता. १९३० सालीं त्यांची पत्नी निवर्तली, आणि २६ डिसेंबर १९३३ रोजीं त्यांनींहि इहलोक सोडला. त्यांच्या ग्रंथाची सुधारलेली आवृत्ति १९६५ सालीं सर अर्नेस्ट गावर्स यांनीं, १९९६ सालीं रॉबर्ट बर्चफील्ड यांनीं व २०१५ सालीं जेरेमी बटरफील्ड यांनीं काढली. भाषा बदलते, म्हणून त्यांतील कित्येक निर्णय बदलले. निर्णय देण्याची पद्धति मात्र अजून मार्गदर्शक आहे.

विद्यार्थिमित्रहो, नियम आणि वक्रोक्ति हे दोन विषय वरवर अगदीं भिन्न दिसतात. एक सांगतो कीं म्हणावयाचें तें सरळ म्हणा. दुसरा म्हणावयाचें तें वाकडें म्हणतो. परंतु दोहोंच्या मुळाशीं एकच गोष्ट आहे, आणि ती म्हणजे आपल्या मनांत नेमकें काय आहे हें आधीं स्वतःस ठाऊक असणें. ज्यास स्वतःचा अर्थ ठाऊक नाहीं, त्याचें सरळ वाक्य संदिग्ध होतें आणि वाकडें वाक्य नुसतें वाकडेंच राहतें. फाउलर यांनीं शब्द तोलले, कारण तत्पूर्वीं त्यांनीं आपलें मन तोललें होतें. सेडबर्ग येथील त्यांचा राजीनामा आणि त्यांचा ग्रंथ हीं एकाच झाडाचीं फळें होत. पुढील वेळीं एखादा नियम आडवा आला तर तो पाठ करण्यापूर्वीं त्यानें अर्थाची कोणती सेवा होते हें विचारा. आणि एखादें वाक्य फार गोड लागलें तर तें कोणासाठीं बोललें आहे हें पाहा. असें करणाऱ्या विद्यार्थ्यास इंग्रजीच काय, कोणतीहि भाषा परकी राहणार नाहीं.